पत्राची अमानत आणि आपली किल्ली
(सोसायटीच्या वार्षिक समारंभातील भाषण)



गुणपत्रिका, आधारची प्रत, आजारपणाचे कागद हे सारे आज आपण ईमेलने धाडतो. पुष्कळ घरांत मुलाचे खाते सायबर कॅफेवाल्याने उघडून दिलेले असते आणि पासवर्ड त्याच्याच वहीत असतो! खात्यात जो शिरेल, तो घरची सारी पत्रे वाचू शकतो. पत्र ही अमानत आहे. ती राखायची कशी?

गुप्त लिपीचे शास्त्र आपल्याला परके नाही. नवव्या शतकात अल-किंदी यांनी कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजून गुप्त मजकूर उलगडण्याची रीत लिहून ठेवली. पण एक अडचण पुढे शतकानुशतके राहिली. दोघांना एकच किल्ली लागे. ती गुपचूप पोहोचवायची कशी? १९७६ साली डिफी आणि हेलमन या अमेरिकन संशोधकांनी नवी वाट दाखवली. १९९१ साली फिल झिमरमन यांनी पीजीपी हा प्रोग्राम काढून ती सामान्य माणसापर्यंत आणली.

यात प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या असतात. जाहीर किल्ली सर्वांना द्यावी. खासगी किल्ली कोणालाही देऊ नये. जाहीर किल्लीने बंद केलेले पत्र त्याच जोडीतील खासगी किल्लीनेच उघडते.

थंडरबर्ड या मोफत प्रोग्राममध्ये २०२० पासून ही सोय आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये किल्ल्यांची जोडी तयार होते. हे काम घरच्या संगणकावर करा, कॅफेत नव्हे. समोरच्याची जाहीर किल्ली आली की फोन करून तिचा फिंगरप्रिंट, म्हणजे अक्षरे व अंकांची ओळख-ओळ, ताडून पाहा. नाहीतर एखादा तोतया आपलीच किल्ली पुढे करील. खासगी किल्लीला लांब पासवर्ड लावून तिची प्रत पेन ड्राइव्हवर जपा. ती हरवली तर जुनी बंद पत्रे कोणीही उघडून देऊ शकणार नाही.

मर्यादाही ध्यानात घ्या. पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता उघडाच राहतो, पुष्कळदा विषयाची ओळही. आणि समोरच्याकडे किल्ली नसेल तर पत्र बंद करता येत नाही. म्हणून सुरुवात घरातूनच करा. पुण्यात शिकणारी मुलगी आणि रत्नागिरीतले तिचे अब्बा, या दोघांनी एक रविवार काढला तरी पुरे.

मुलांनो, हे इल्म आधी शिका आणि मग आई-वडिलांना शिकवा. अल्लाह आपणा सर्वांना अमानत राखण्याची तौफीक देवो. आमीन.