दुःखाच्या घरी हसू
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



'पडत्या काळात पाहावेत असे विनोदी चित्रपट' या विषयावर मी बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी काही चित्रपटांची जाणकार नव्हे. मग आठवण झाली, की याच विषयावरून आमच्या घरात एकदा चांगलेच वाजलेले आहे. आणि ज्यावरून भांडण झाले त्यावर बोलण्याचा थोडाफार अधिकार माणसाला पोचतोच.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे मामंजी गेले. त्यांना शेवटचे घरीही आणता आले नाही. भेटायला कोणी येऊ शकत नव्हते. दहावे-तेरावे कसेबसे उरकले आणि सासूबाई गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या, त्या बसूनच राहिल्या. तीन आठवड्यांनी एका दुपारी माझा मुलगा आतल्या खोलीत आवाज बारीक करून 'अशी ही बनवाबनवी' पाहत होता. सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या, मग पलंगाच्या कडेला टेकल्या. पार्वतीच्या डोहाळजेवणाचा प्रसंग आला आणि त्या चक्क हसल्या. लगेच तोंडाला पदर लावून उठून गेल्या.

मुलाने ही गोष्ट आनंदाने आत्याला फोनवर सांगितली. रात्री वन्संचा मला फोन आला. "वहिनी, बाबांना जाऊन महिना नाही झाला, आणि तुमच्याकडे सिनेमे चालतात?" मला उत्तर सुचले नाही. त्या बिचाऱ्या परगावी अडकलेल्या, वडिलांचे अंत्यदर्शनसुद्धा घडले नव्हते. त्यांना राग आला यात त्यांचे काय चुकले?

दोन दिवस सासूबाई त्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता त्यांनी हळूच विचारले, "काय गं, त्या घरमालकिणीला शेवटी कळलं का?"

विनोदी चित्रपट दुःख विसरायला लावतो, असे सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. सासूबाई काहीही विसरल्या नव्हत्या. हसता हसताच त्यांना आठवले, म्हणून तर पदर तोंडाशी गेला. तेव्हापासून मी असे चित्रपट जरा निराळ्या नजरेने पाहू लागले. 'बनवाबनवी'च घ्या. सचिन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८८ चा. हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' या १९६६ च्या हिंदी चित्रपटावरून घेतलेला. त्यातले हसू क्षणभर बाजूला ठेवा, म्हणजे काय उरते? पुण्यात डोके टेकायला जागा नसलेले चार तरुण. लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांना जागा देतात, म्हणून दोघांना लुगडी नेसावी लागतात. हे संकट काही खोटे नाही. भाड्याची खोली शोधत हिंडलेल्या भगिनी या सभेतही असतील. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी आपल्याला इतके हसविले, ते याच संकटाच्या पाठीवर बसून.

चार्ली चॅप्लिनच्या 'द गोल्ड रश' या १९२५ च्या मूकपटात तर याहून भयंकर पाया आहे. सोन्याच्या शोधात बर्फात गेलेल्या माणसांची जुनी छायाचित्रे त्याच्या पाहण्यात आली. शिवाय अमेरिकेत १८४६ साली एक तांडा बर्फात अडकला आणि उपासमारीने मेलेल्या सोबत्यांना खाण्याची पाळी त्यांच्यावर आली, ती हकिगत त्याने वाचली होती. त्यातून त्याने विनोदी चित्रपट काढला! ज्याच्या बालपणाचा काही काळ लंडनच्या गरिबांसाठीच्या आश्रयगृहात गेला, ज्याची आई डोळ्यांदेखत वेडाच्या रुग्णालयात गेली, त्याला भुकेची थट्टा करण्याचा हक्क होता असे मी समजते. झोपडीत खायला काही नाही म्हणून तो स्वतःचा बूट उकळतो. पण ते ताट तो कसा वाढतो पाहा! तळवा नीट कापून वेगळा काढतो, नाड्या काट्याला शेवयांसारख्या गुंडाळतो, खिळे हाडांसारखे चोखतो. घरात काही नसतानाही पान नीट मांडणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत, काहीजणी आपणच आहोत. मला त्या प्रसंगात हसू येते आणि माझ्या आजीची आठवण येते, दोन्ही एकदम. (चित्रीकरणासाठी तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केला होता. नातवंडांना आधी सांगू नये, गंमत जाते.)

परेश मोकाशी यांचा २००९ चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बहुतेकींनी पाहिला असेल. दादासाहेब फाळक्यांच्या घरातले सामान विकले जाते, डोळ्यांवर बेतते, आणि तरी तो सारा संसार हसत चाललेला असतो. सरस्वतीबाईंकडे लक्ष ठेवून तो पुन्हा पाहावा. १९१३ च्या त्या पहिल्या चित्रपटात तारामतीचे काम करायला बाई मिळेना, ते अखेर साळुंके नावाच्या पुरुषाने केले. आणि स्त्रीभूमिकेसाठी मिशा उतरवायला पुरुष तयार होईनात. उलट १९७९ च्या 'गोलमाल'मध्ये मिशीवाचून नोकरी टिकत नाही म्हणून अमोल पालेकरांची कोण धावपळ! आमच्या पुरुषवर्गाची अब्रू त्या चार केसांत किती काळ अडकून राहिली आहे, यावर कोणी तरी निराळे भाषण करावे.

मात्र सगळेच विनोदी चित्रपट चालत नाहीत. तोतऱ्याला, लठ्ठ बाईला, कुणाच्या वैधव्याला हसणारे चित्रपट सुखाच्या दिवसांत आपण चालवून घेतो. दुःखातले माणूस त्यात स्वतःलाच पाहते. आणि काढा पाजावा तसा चित्रपट कुणाला पाजू नये. "बघा, बरं वाटेल" असे म्हटले की बरे वाटणे तिथेच संपते. आपण आपला लावावा, दार उघडे ठेवावे. यायचे त्याला येता यावे, आणि उठून जायचे त्याला कोणी 'का?' म्हणून विचारू नये.

वन्सं त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आल्या. त्या विषयावर आम्ही दोघी आजतागायत बोललेलो नाही. एका रात्री त्या, सासूबाई आणि मी 'बनवाबनवी' पाहत बसलो होतो. डोहाळजेवणाच्या वेळी वन्सं पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या, आणि बराच वेळ आल्या नाहीत. आम्ही तो भाग थांबवून ठेवला. त्या आल्या, डोळे पुसलेले होते. म्हणाल्या, "लाव आता."

येत्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत 'द गोल्ड रश' दाखवायचा आहे. वर्गणी नाही, चहा आहे. बसायला ज्याचे त्याने आणावे. सासूबाई पुढच्या रांगेत असतील. पुढे काय होणार ते आधीच सांगून टाकण्याची त्यांना सवय आहे, तेवढे सांभाळून घ्यावे.