वन्समोअर

पालखीची प्रदक्षिणा संपते, आरती होते, प्रसाद वाटला जातो आणि मंडळी मांडवाकडे वळतात. पेडणे व डिचोली ह्या तालुक्यांतील गावोगावच्या जत्रांचा हा जुना परिपाठ आहे. जत्रा म्हटली की नाटक आलेच. आणि ते नाटक संगीत असेल, तर एखादे पद रंगताच मांडवाच्या मागल्या अंगाने, जेथे उभ्याने नाटक पाहणारे दाटीवाटीने जमलेले असतात तेथून, आरोळी उठते : 'वन्समोअर!' रंगमंचावरील नायिका क्षणभर थबकते. तिची नजर ऑर्गनवाल्याकडे जाते, तबलजी हात सावरून बसतो आणि पद पुन्हा सुरू होते. समोरच्या पात्राला मात्र आपले पुढचे वाक्य ओठांवरच थोपवून उभे राहावे लागते.

हा शब्द इंग्रजी खरा. परंतु इंग्रज प्रेक्षक नाट्यगृहात किंवा संगीतसभेत तो सहसा उच्चारीत नाही. एखादी चीज पुन्हा ऐकावयाची झाल्यास तो 'आंकोर' अशी हाक देतो. हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ 'पुन्हा' असा आहे. खुद्द फ्रेंच रसिक मात्र 'आंकोर' म्हणत नाही. तो 'बिस' म्हणतो, आणि हा शब्द लॅटिनमधला, अर्थ 'दोनदा'. आनंदाच्या भरात परक्याचा शब्द तोंडी यावा, हे केवळ मराठी माणसाच्याच बाबतीत घडलेले नाही. मराठीने त्या शब्दाला जोडलेले क्रियापद मात्र सर्वस्वी स्वतःचे आहे. प्रेक्षक वन्समोअर 'देतात' आणि नट तो 'घेतो'. अमक्याने काल तीन वन्समोअर घेतले, असे बोलले जाते. जणू काही ती एखादी वस्तू असून ती रसिकांच्या हातून नटाच्या हाती जाते.

मराठी संगीत नाटकाचा आरंभ ३१ ऑक्टोबर १८८० ह्या दिवशी पुण्यास झाला. त्या दिवशी अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. पुढे १८८२ साली 'सौभद्र' आले. त्या काळी ध्वनिमुद्रिका नव्हती, आकाशवाणी नव्हती. कानी पडलेले पद पुन्हा ऐकावयाचे, तर ते तेथल्या तेथे मागून घ्यावे किंवा नाटकमंडळी पुन्हा गावात येईपर्यंत वाट पाहावी, एवढेच दोन मार्ग होते. वन्समोअरच्या आरोळीत म्हणूनच केवळ शाबासकी नव्हती. हाती आलेले सुख इतक्यात सुटू नये, ही धडपडही तिच्यात होती.

शिवाय दुसऱ्यांदा गायिलेले पद हे पहिल्याची नक्कल नसे. चाल तीच, शब्द तेच. पण गाणारा आता वेगळ्या जागा घेई, आलाप वाढवी, एखाद्या शब्दावर अधिक रेंगाळे. १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकास भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाने चाली दिल्या, तेव्हा नाट्यपदाची वीण रागदारीच्या धाग्यांनी अधिकच घट्ट झाली आणि बालगंधर्वांसारख्या नटाला विस्ताराचे मोकळे अंगण मिळाले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र येऊन केलेला 'मानापमाना'चा प्रयोग आजही सांगितला-ऐकला जातो. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव निवर्तले. पुन्हा एकवार, अशी मागणी त्या जोडीकडे करण्याची संधी रसिकांना मग उरली नाही.

गोमंतकाचा ह्या परंपरेतील वाटा मोठा आहे. मंगेशीस जन्मलेल्या दीनानाथ मंगेशकरांनी १९१८ साली आपल्या सहकाऱ्यांसह बलवंत संगीत मंडळी उभी केली आणि तेजस्वी गायकीने मराठी मुलूख गाजविला. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे प्रदेश पोर्तुगीज सत्तेखाली आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. जुन्या काबिजादीतील देवळांवर जो घाला पडला, तो ह्या नव्या काबिजादींतील देवळांवर पडला नाही. देऊळ राहिले, त्याचा उत्सव राहिला, आणि उत्सवाच्या आश्रयाने पुढे नाटकही रुजले. सावंतवाडीशी पूर्वापार असलेला संबंधही ह्या रुजण्यास उपकारक ठरला.

पण वन्समोअर ही निर्भेळ गुणाची गोष्ट आहे, असे म्हणता येणार नाही. विरहाने व्याकूळ झालेली नायिका तेच दुःख पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली, की नाट्य तेथेच विरते. घाईने निघालेला नायक दारातून परत फिरून तीच घाई दुसऱ्यांदा गाऊन दाखवितो, तेव्हा लेखकाचे श्रम वाया जातात. ही तक्रार युरोपातही जुनीच आहे. १७८६ साली व्हिएन्ना येथे मोझार्टच्या 'फिगारो'ला इतके वन्समोअर पडू लागले, की एकापेक्षा अधिक कंठांसाठी रचलेली गीते पुन्हा गाऊ नयेत, असा हुकूमच सम्राट दुसरा जोसेफ ह्याने काढला. विसाव्या शतकाच्या आरंभी मिलान येथील संगीतनियोजक तोस्कानिनी ह्यांनीही ह्या प्रथेशी उघड वैर मांडले होते.

महाराष्ट्रात हुकूम निघाला नाही. उत्तर शोधले ते कलावंतांनी. १९३३ सालच्या 'आंधळ्यांची शाळा' ह्या नाटकात पदे मोजकीच ठेवण्यात आली. त्यातील नायिका ज्योत्स्ना भोळे ह्या जन्माने गोमंतकीयच. पुढे मंगेशीच्याच जितेंद्र अभिषेकींनी 'मत्स्यगंधा' (१९६४), 'ययाति आणि देवयानी' (१९६६) आणि 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) ह्या नाटकांचे संगीत दिले, तेव्हा त्यांनी पद आटोपशीर बांधले. रागाचे सारे सत्त्व थोड्या अवकाशात साठवावे आणि नाटकाला पुढे जाऊ द्यावे, अशी ती दृष्टी होती. तरीही रामदास कामत किंवा प्रसाद सावकार गाऊ लागले, की प्रेक्षकांतून वन्समोअर येतच असे. पद आखूड केल्याने मागणी थांबली नाही; ती पुरवावयास वेळ कमी लागू लागला, इतकेच.

गोमंतकातील दुसऱ्या एका रंगभूमीने हा पेच निराळ्या रीतीने सोडविला आहे. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. 'इटालियन भुर्गो' हे त्याचे नाव. तियात्रात कथेच्या प्रवेशांमध्ये 'कांतारां' गायिली जातात, आणि त्यांतील पुष्कळशांचा कथेशी संबंधच नसतो. त्यामुळे वन्समोअर पडला तरी कोणाचे दुःख खोळंबत नाही. गायक पडद्याआड जातो, टाळ्यांनी परत येतो, आणि तेच कडवे न गाता राखून ठेवलेले नवे कडवे गातो. संगीत नाटकाचा प्रेक्षक तेच पद पुन्हा मागतो व त्यात नवे शोधतो. तियात्राचा प्रेक्षक आणखी काही मागतो व त्याला ते मिळते. पेडण्याच्या देवळांपुढे होणाऱ्या दशावतारी खेळात तर संवादही बहुधा आयत्या वेळी रचलेले असतात. तेथे प्रसंग रंगला तर तो वाढतो आणि न रंगला तर आवरता घेतला जातो. वेगळी आरोळी देण्याचे कारणच पडत नाही.

पाश्चात्त्य देशांतील रॉक संगीताच्या जलशांत ह्या प्रथेला आलेले रूप पाहण्यासारखे आहे. वादक अखेरचे गीत आटोपून निरोप घेतात, दिवे मालवतात. श्रोते जागचे हलत नाहीत. ते टाळ्या पिटतात, पाय आपटतात, नावे पुकारतात. काही वेळाने मंडळी परत येतात आणि सर्वांत लोकप्रिय असे एखादे गीत सादर करतात. प्रारंभी असे क्वचित घडे. बीटल्सचे कार्यक्रम अर्ध्या तासाच्या आसपास संपत आणि ते सहसा पुन्हा रंगमंचावर येत नसत. एल्विस प्रेस्लीच्या कार्यक्रमानंतर तर, तो इमारत सोडून गेला आहे, अशी घोषणाच केली जाई, म्हणजे लोकांनी उगाच खोळंबून राहू नये. परंतु पुढे हे पुनरागमन ठरल्यासारखे झाले. कोणती गीते 'आग्रहास्तव' गावयाची, ह्याची यादी आधीच तयार असते. श्रोत्यांनाही ते ठाऊक असते. निरोप घेणारे आणि न उठणारे असे दोघेही एक लहानसे नाटक करतात. ह्यात फसवणूक आहे असे नाही, कारण उभयपक्षी संमती असते. पण ज्या मागणीला नकार मिळण्याची शक्यताच उरली नाही, तिला मागणी म्हणावे किंवा कसे, हा प्रश्न उरतोच.

जत्रेतल्या नाटकाचे वेगळेपण येथे ध्यानात येते. रंगमंचावर उभा असलेला नट पुष्कळदा गावचाच असतो. कोणी शाळामास्तर, कोणी शेतकरी, कोणी दुकानदार. वर्षभर तो लोकांना ह्याच नात्याने भेटतो. तालमी रात्री जेवणे आटोपल्यावर होतात. नायिकेच्या भूमिकेसाठी गाणारी नटी आणि साथीसाठी ऑर्गनवादक बहुधा बाहेरगावाहून येतात. समोर बसलेले त्याचे शेजारी, सोयरे आणि भाऊबंद असतात, आणि ते त्याला काही म्हणून सूट देत नाहीत. सूर लागला नाही, तर उद्या सकाळी चहाच्या दुकानात त्याचा उद्धार व्हावयाचा, हे त्याला पक्के ठाऊक असते. अशा सभेतून 'वन्समोअर' आला, तर त्याची किंमत बक्षिसाच्या नोटेने मोजता येत नाही. तो ठरवून आणता येत नाही, आणि येईलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. एका पदाला मिळालेला वन्समोअर पुढच्या जत्रेपर्यंत पुरतो. कित्येकांना तो जन्मभर पुरलेला आहे.

ह्या प्रथेला सर्वांत मोठा आधार होता तो रात्रीचा. नाटक रात्री उशिरा सुरू होई आणि उजाडेपर्यंत चाले. मग एका पदाने दहा मिनिटे अधिक घेतली, तर कोणाचे काय बिघडणार? ती रात्र आता तेवढी लांब राहिलेली नाही. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. नियमामागील हेतू रास्त आहे. आजारी माणसाला, लहान मुलाला, परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला शांत झोप मिळालीच पाहिजे. २०२४ सालच्या डिसेंबरात पेडण्यातील धारगळ येथे 'सनबर्न' हा विद्युत्-संगीताचा प्रचंड महोत्सव भरला, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. गोंगाटाविषयीची तक्रार काल्पनिक नाही, हे त्यावरून दिसते. मात्र लाखो रुपयांची यंत्रणा आणि देवळापुढचा मांडव ह्या दोहोंना नियमाचे माप एकच लागते, आणि मांडवाचा खेळ मुळातच रात्रीच्या मापाने बेतलेला आहे.

घड्याळाकडे पाहून नाटक करावयाचे झाले, की कात्री प्रथम पदांवर चालते, आणि पदांतही प्रथम पुनरावृत्तीवर. म्हणून गावोगावच्या नाट्यमंडळांना आता निवड करावी लागेल. नाटक सायंकाळीच सुरू करावे, संहिता आटोपशीर करावी, अंकांमधील लांबलचक भाषणे, सत्कार आणि देणग्यांच्या घोषणा आवरत्या घ्याव्यात. ह्या घोषणांत जाणारा वेळ वाचला, तरी दोन-तीन पदांना जागा मिळेल. अभिषेकींनी पद आखूड केले ते नाटक वाचविण्यासाठी. आता बाकीचे आखूड करून पद वाचवावे लागणार आहे.

प्रेक्षकांवरही काही जबाबदारी येते. प्रत्येक पदाला वन्समोअर देणारा मांडव कोणत्याच पदाला काही देत नाही. जुने जाणते रसिक संपूर्ण रात्रीत एक-दोनदाच तोंड उघडीत, आणि म्हणून त्यांच्या आरोळीने गाणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राही. नटानेही प्रसंग ओळखावा. जेथे कथा ऐन कड्यावर उभी आहे, तेथे हात जोडून पुढे जावे. समंजस सभा ह्या नकाराचा राग मानीत नाही. जो नाही म्हणू शकतो, त्याच्याकडेच मागण्यात गोडी असते.

पहाटेच्या गारव्यात घोंगडी पांघरून बसलेला म्हातारा, त्याच्या मांडीवर झोपी गेलेले नातवंड, आणि समोर शेजारच्याच घरचा मुलगा धैर्यधर होऊन गातो आहे, असे चित्र पेडणे-डिचोलीच्या जत्रांत पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले. नाटकाची वेळ आता बदलेल, कदाचित पहाटेचा गारवाही त्याच्या वाट्याला येणार नाही. पण पद संपताच त्या म्हाताऱ्याला एकवार हाक द्यावीशी वाटली, तर ती ऐकून मागे फिरण्याइतका अवकाश नाटकात ठेवणे, एवढे तरी मंडळांच्या हाती आहे.