कच्च्या पपईचा चीक



सकाळच्या चहापासून तिघांनी मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "पपईनं कॅन्सर बरा होतो का रे?" म्हणून शाळेच्या आठवणी दुसऱ्यांवर सोपवतो.

मटण शिजेना झालं की कच्च्या पपईची फोड टाकायची, हे कुरुंदवाडात कुणाला शिकवायला नको. तिच्या चिकात पपेन असतं. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं 'विकर' ते हेच. मांसातली प्रथिनं ते तोडतं. अननसातलं ब्रोमेलेनही तेच करतं. मग पातेल्यातलं मटण मऊ होतं, तर अंगातली गाठ का विरघळणार नाही? पण विकर हे स्वतःच प्रथिन. गिळलेल्यातलं बरंचसं पोटातच पचतं. उरलेलं रक्तात गेलं, तरी तिथली प्रथिनं त्याला जखडून ठेवतात. पातेल्यात त्याला आवरणारं कुणी नसतं.

म्हणून सगळं थोतांड? तसंही नाही. पपेन आणि प्राण्यांपासून काढलेली दोन विकरं एकत्र करून केलेल्या गोळ्या रेडिएशनसोबत देऊन पाहिल्या आहेत. गाठ घालवायला नव्हे. रेडिएशननं तोंड सोलवटतं, घास गिळवत नाही, तो त्रास कमी व्हावा म्हणून. आपल्या देशातल्या डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १०० रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये छापून आला. गोळ्या घेणाऱ्यांना त्रास कमी झाला होता, पण गोळी कुणाला मिळते हे उघड होतं. पुढच्याच वर्षी जर्मनीतला अभ्यास आला. तिथे ओटीपोटावर रेडिएशन घेणाऱ्या ५६ जणांना खरी की खोटी हे न सांगता गोळी दिली होती. फायदा दिसला नाही.

झाडपाल्याला मी हसत नाही हं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं. १९६६ साली ते एका चिनी झाडातून वेगळं काढणाऱ्यांत नंदुरबारचे मनसुख वाणी होते. त्यावरून तयार झालेलं इरिनोटेकॅन आतड्याच्या कॅन्सरला आज सर्रास देतात. गंमत म्हणजे ते स्वतः विकर नाही, पेशीतल्या एका विकराला ते अडवतं. पण रुग्णापर्यंत पोचायला त्याला कैक वर्षं तपासण्यांतून जावं लागलं.

माझी मावशी मशेरी लावायची. गालात गाठ आली, तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून चार महिने पपईचा रस घेतला. दवाखान्यात आली तेव्हा तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. मी तेव्हा याच विषयात शिकत होतो. मला कुणी विचारलंच नाही.

तर, विचारा. रात्री अकराला फोन केलात तरी चालेल. अशा गोळ्या आधीच चालू असतील, तर डॉक्टरांपासून लपवू नका; रक्त पातळ करणारं औषध सोबत असलं, तर रक्तस्राव वाढू शकतो.