जेथल्या तेथें

विरार ते चर्चगेट हें अंतर सुमारें ६० किलोमीटर. दोन आंकड्यांची बेरीज करून आणण्यासाठीं कोणी रोज एवढा प्रवास करूं लागला, तर आपण त्यास काय म्हणूं? संगणकाच्या आज्ञावलींत मात्र असा प्रवास पदोपदीं घडतो.

फंक्शन म्हणजे नांव देऊन एकदांच लिहून ठेवलेली कृति. तिला हांक मारली कीं यंत्र परतीचा पत्ता टिपून घेतें, लागणारी सामग्री हवालीं करतें, तिकडे जातें आणि काम उरकून परततें. कृति लहान असली तर कामापेक्षां प्रवासच मोठा. म्हणून कंपायलर पुष्कळदां तिचा मजकूर हांकेच्याच जागीं उतरवितो. यास ‘इनलाइन’ करणें म्हणतात.

लॅम्डा म्हणजे बिननांवाचें फंक्शन. अलोंझो चर्च यांनीं १९३० च्या दशकांत योजिलेल्या चिन्हावरून हा शब्द आला. सी प्लस प्लस भाषेंत लॅम्डा २०११ सालीं आला, जावांत २०१४ सालीं. सी भाषेंत क्रम लावणाऱ्या फंक्शनाला तुलनेची कृति केवळ पत्त्यानें कळवितात. पत्त्याआड काय आहे हें कंपायलरला बहुधा दिसत नाहीं. सी प्लस प्लसमध्यें प्रत्येक लॅम्डाचा प्रकार स्वतंत्र असल्यामुळें तो सहज जागेवर उतरतो.

परंतु उतरवितांना अर्थ बदलतां कामा नये. सी भाषेंतील मॅक्रो हा शब्दशः नक्कल करणारा कारकून आहे. वर्ग काढणाऱ्या मॅक्रोला ‘खिडकीवरून तिकीट घेऊन त्याचा क्रमांक सांग’ असें कळविलें, तर तें वाक्य दोन जागीं उतरतें आणि तिकिटें दोन निघतात! इनलाइन फंक्शन एकच तिकीट काढतें. कॉट्लिन भाषेंत तर इनलाइन फंक्शनाला दिलेल्या लॅम्डांतील साधा ‘रिटर्न’ सभोंवतालच्या फंक्शनांतूनच बाहेर पडतो. तेथें ‘इनलाइन’ हा केवळ वेगाचा प्रश्न राहत नाहीं.

शिवाय मोठ्या कृति सर्वत्र उतरविल्या तर आज्ञावली फुगते, यंत्राची जवळची लहानशी स्मृति अपुरी पडते आणि वेग उलट घटतो.

म्हणून कृतीला नांव द्यावें, ती एकदांच लिहावी आणि नक्कल कंपायलरवर सोंपवावी. हातानें दहा जागीं उतरविलेली चूक दहा जागीं दुरुस्त करावी लागते. नऊ जागीं ती सुधारली, तर दहावी कोणाच्या तरी पगाराच्या हिशेबांत मुकाट्यानें बसून राहते.