धर्माच्या गायीचे दात



ग्रंथालय परिषदेच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद मला दिलेत, त्याबद्दल परिषदेचा मी ऋणी आहे. अनुदान, वर्गवारी, सेवकांचे वेतन हे आपले नेहमीचे प्रश्न ठरावांच्या सत्रात यायचेच आहेत, म्हणून त्यांची पुनरुक्ती मी करत नाही. मला बोलायचे आहे ते देणगीविषयी, आणि देणाऱ्यावर लोकांचा विश्वास का बसत नाही याविषयी. 'धर्माची गाय आणि दात का नाय' अशी म्हण आपल्याकडे आहे. फुकट मिळालेल्या गायीचे तोंड उघडून बघणारा माणूस या म्हणीत हास्यास्पद ठरतो. पण त्याच मराठीत 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' हीही म्हण आहे, आणि तिच्यात हसे होते ते दात्याचे. दुसऱ्याच्या मालावर पुण्य जोडणारा दाता आपल्या पूर्वजांनी नेमका ओळखला होता. अब्जाधीशांच्या दानधर्माकडे आज जग या दोन म्हणींच्या मधे उभे राहून बघते आहे. एप्रिल 2019 मध्ये पॅरिसचे नोत्र दाम कॅथेड्रल जळाले आणि दोन-तीन दिवसांत 80 कोटी युरोंहून अधिक देणग्या जाहीर झाल्या. त्यांचे कौतुक पुरते होते न होते तोच रस्त्यावरच्या फ्रेंच माणसाने विचारले, की देणगीतला किती भाग करसवलतीतून परत मिळणार? कंपन्यांना तिथे तेव्हा देणगीच्या 60 टक्के रक्कम करातून वजा मिळत असे. म्हणजे नाव दात्याचे आणि निम्म्याहून जास्त पैसा सरकारी तिजोरीचा. देणगीदारांपैकी पिनो कुटुंबाने ही सवलत घेणार नसल्याचे जाहीर केले, पण प्रश्न एकदा उठला तो बसला नाही.

हा संशय मला रास्त वाटतो. त्याचा नेम मात्र बहुतेक वेळा चुकतो. आपण दात्याचा हेतू शोधत बसतो: नावासाठी दिले, कर वाचवायला दिले, की पाप धुवायला दिले? माणसाच्या मनाचा तळ त्याच्या घरच्यांना लागत नाही, तो आपल्याला कुठून लागणार? शिवाय हेतू सिद्ध होत नाही, म्हणून वाद कधी संपत नाही. त्यापेक्षा एक प्रश्न असा आहे की ज्याचे उत्तर कागदावर सापडते. देऊन झाल्यावर दात्याच्या हातात काय उरले? निर्णय कोणाचा, हिशेब कोणाला आणि 'नको' म्हणण्याची मुभा कोणाला? माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की दानाची परीक्षा या प्रश्नावर व्हावी. त्यासाठी आपल्याच क्षेत्रातला सर्वांत मोठा दाता आधी घेतो.

अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून जगभर 2,509 ग्रंथालये उभी राहिली. सार्वजनिक ग्रंथालयांच्या इतिहासात एका माणसाने एवढे क्वचितच दिले असेल. हाच माणूस पोलादाचा कारखानदार होता. 1892 साली पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेड येथील त्यांच्या गिरणीत मजुरीवरून झगडा पेटला, तेव्हा कार्नेगी स्कॉटलंडमध्ये होते आणि कारभार हेन्री फ्रिक यांच्याकडे होता. फ्रिक यांनी कामगारांना बाहेर ठेवून टाळे लावले आणि पिंकर्टन कंपनीचे 300 भाडोत्री पहारेकरी रात्रीतून नदीमार्गे आणले. 6 जुलैला काठावर गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली, पुढे सैन्य आले आणि संघटना मोडली. त्यानंतर सहा वर्षांनी, 1898 मध्ये, गिरणीजवळच्या टेकडीवर कार्नेगी ग्रंथालय उघडले. त्यात संगीतसभागृह होते, पोहण्याचा तलाव होता. खालच्या गिरणीत पाळी बारा तासांची होती. बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस टेकडी चढून कोणते पुस्तक वाचणार, हा प्रश्न कामगारांनी तेव्हाच विचारला. कार्नेगींचे उत्तर 1889 च्या त्यांच्या संपत्तीवरील निबंधात आधीच येऊन गेले होते. हीच रक्कम थोडीथोडी करून मजुरांत वाटली तर ती खाण्यापिण्यात उडून जाईल, एका जाणत्या माणसाने ती समाजासाठी खर्च करणे बरे, असा त्याचा आशय. अविश्वासाचे मूळ मला इथे दिसते. हा निबंध लिहिणारा माणूस ढोंगी नव्हता. वारसांना गडगंज ठेवू नये, वारसासंपत्तीवर जबर कर असावा, हेही त्यात त्याने लिहिले आणि आपली बहुतेक संपत्ती खरोखरच देऊन टाकली. हेतूच्या कसोटीवर तो बराचसा उतरतो. खटकते ते हे, की दुसऱ्याच्या कमाईचे काय करावे हे त्याने स्वतः ठरवले.

पण कार्नेगींची दुसरी बाजू आपण ग्रंथालयवाल्यांनी तरी विसरू नये. त्यांच्या देणगीला अट असे: जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दर वर्षी करातून देखभालीसाठी बाजूला काढायची. दहा हजार डॉलर हवे असतील तर दर वर्षी हजार डॉलरची हमी. पुस्तके, ग्रंथपाल, दिवाबत्ती, सगळे गावाच्या खर्चाने. इमारतीच्या नकाशावर त्यांचे सचिव जेम्स बर्ट्रम बारीक नजर ठेवत, पण इमारत उभी राहिली की कारभार गावाचा. ग्रंथालय हा दिवाणखान्यातला शोभेचा दिवा न राहता नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातले कलम झाले. या अटीमुळेच गावाला 'नको' म्हणण्याची संधीही मिळाली. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग शहरात 1904 साली हा प्रश्न मतदानाला आला, कामगार संघटनांनी होमस्टेडची आठवण जागी केली आणि देणगी नाकारली गेली. कार्नेगींच्या हेतूविषयी व्हीलिंगकरांचा निवाडा बरोबर होता की चूक, हे मी सांगू शकत नाही. तो निवाडा करण्याचा अधिकार त्यांच्या हातात होता, हे मला मोलाचे वाटते.

रॉकफेलर फाउंडेशनची गोष्ट याच्या उलट गेली. जॉन डी. रॉकफेलर यांनी 1910 पासून संघराज्याच्या सनदेसाठी अमेरिकी काँग्रेसचे दार ठोठावले. विरोध वाढला तेव्हा त्यांच्या बाजूने मोठ्या सवलती देऊ केल्या गेल्या: निधीला कमाल मर्यादा आणि विश्वस्तांच्या निवडीवर उच्चपदस्थ व्यक्तींचा नकाराधिकार. तरीही सिनेटने सनद दिली नाही. 1913 मध्ये न्यूयॉर्क राज्याने ती दिली, आणि तिच्यात यांतले एकही बंधन नव्हते. संशयाने आंधळे होऊन सौदा मोडला आणि हाती आलेला लगाम सुटला. पुढच्याच वर्षी, 20 एप्रिल 1914 रोजी, कोलोरॅडोत लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वस्तीवर हल्ला झाला. एका तंबूखालच्या खड्ड्यात आसऱ्याला गेलेल्या दोन बायका आणि अकरा मुले गुदमरून मेली. खाण कंपनी रॉकफेलर यांच्या ताब्यातली. त्यानंतर फाउंडेशनने औद्योगिक संबंधांचा अभ्यास करण्यासाठी मॅकेन्झी किंग यांना नेमले आणि ते मालकालाच सल्ला देत आहेत हे उघड झाले. फ्रँक वॉल्श यांच्या चौकशी आयोगापुढे रॉकफेलर पितापुत्रांना आणि कार्नेगींनाही साक्षीला यावे लागले. ज्याच्याविषयी तक्रार, त्याच्याच पैशाने तक्रारीचा अभ्यास, ही गोष्ट लोकांनी मान्य केली नाही आणि करायलाही नको होती.

आता आपल्या घराकडे बघू. मुंबईत जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाचे रुग्णालय 1845 पासून गोरगरिबांवर उपचार करते आहे आणि पुण्याचे ससून 1867 पासून. दोन्ही घराण्यांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा पैसा होता. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या चार लाखांतून आले. हे चार लाख अमेरिकन यादवीच्या काळातल्या कापसाच्या तेजीतले. 1865 मध्ये तेजी फुटली, हजारो कुटुंबे बुडाली, प्रेमचंद स्वतःही बुडाले, आणि मनोरा 1878 मध्ये पुरा झाला. म्हणून ही रुग्णालये बंद करा किंवा टॉवर पाडा असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या भिंतींवर दात्याचे नाव राहिले, कारभार सार्वजनिक झाला, आणि पैशाचा उगम आज आपण मोकळेपणी सांगू शकतो. रॉकफेलर फाउंडेशनचाही एक धागा पुण्यात आहे. 1952 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांच्याबरोबर विषाणू संशोधन केंद्र काढले. क्यासानूर जंगल ताप याच केंद्राने 1957 मध्ये ओळखला. पुढे फाउंडेशन बाजूला झाले, केंद्र पूर्णपणे परिषदेचे झाले आणि 1978 पासून राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. 2020 च्या साथीत सारा देश तिच्याकडे बघत होता. लडलोचा रॉकफेलर आणि पुण्याचा रॉकफेलर यांच्या हेतूंत फरक होता का, याचा शोध घेण्याची मला गरज वाटत नाही. पुण्यात शेवटी चावी इथल्या माणसांच्या हातात आली, एवढे मला पुरते.

याच्याशेजारी एक ताजे उदाहरण ठेवतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लसीचा प्रायोगिक कार्यक्रम 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत सुरू झाला. पैसा गेट्स फाउंडेशनचा, राबवणारी संस्था पाथ, सोबत राज्य सरकारे. सात मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्यावर 2010 मध्ये कार्यक्रम थांबला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. आढळले ते वेगळेच: वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांच्या जागी वॉर्डनच्या सह्या होत्या. 2013 मध्ये संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती, पैसा देणाऱ्याचा हेतूही वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण त्या मुलींच्या आईबापांना कोणी विचारले नाही. त्याची किंमत त्या लसीने या देशात पुढे अनेक वर्षे मोजली.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की उपाशी माणसाला भाकरीचा उगम पुसता येत नाही. ज्या गावी वाचनालय नाही तिथे कोणाच्याही पैशाचे चालेल. मला हे अर्धे मान्य आहे. भाकरी घ्यावी, पण भाकरीबरोबर चाकरी येते आहे का हे बघून. दुसरा आक्षेप: सरकारचा कारभार तरी कोणता स्वच्छ? बरोबर आहे. फरक इतकाच, की सरकारला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो आणि पाच वर्षांनी घरी बसवता येते. अब्जाधीशाला मतपेटी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या खर्चात सदस्य देशांच्या ठरावीक वर्गणीचा वाटा गेल्या दशकात पाचव्या हिश्शाहूनही खाली गेला आणि बाकीचा बराचसा पैसा देणाऱ्याने ठरवलेल्या कामालाच वापरावा लागतो. कोणता रोग आधी, हे मग कोण ठरवणार? तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: अशा बोलण्याने अफवांना खतपाणी मिळते. करोनाकाळात लसीतून चिप टोचतात म्हणणारे काय कमी होते? पण अफवा वाढते ती जिथे विचारायला जागा नसते तिथे. हिशेब टेबलावर उघडा पडलेला असेल तर कानगोष्टींना गिऱ्हाईक मिळत नाही. आणि असे विचारल्याने दाते बिथरतील, ही चौथी भीती. कार्नेगींनी गावांना दहा टक्क्यांची अट घातली, तरी शेकडो गावांनी अर्ज केले. अट घालण्याचा हक्क देणाऱ्याला असेल, तर घेणाऱ्याला का नसावा?

हा विषय ग्रंथालयांच्या व्यासपीठावर मांडण्याचे कारण सांगून थांबतो. कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमानुसार 2014 पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. या खर्चात महाराष्ट्र वर्षानुवर्षे आघाडीवर आहे. कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो, त्यामुळे कारखाना नसलेल्या तालुक्याकडे हा पैसा सहज वळत नाही. कोणत्या गावाला, कशासाठी, हे कंपनी ठरवते. आपल्यापैकी अनेकांच्या वाचनालयांत उद्या संगणक, इमारत, पुस्तकांची पेटी येईल. ती आनंदाने घ्यावी. मात्र ज्या परंपरेतून आपण आलो तीही आठवावी. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचकारखाना निघाला. तिथे मोठा दाता नव्हताच, म्हणून मालकही कोणी एक नव्हता. आपली जुनी वाचनालयेही आठ-चार आण्यांच्या वर्गणीवर वाढली आहेत, आणि वर्गणीदार वार्षिक सभेत उठून चिटणिसाला जाब विचारत आला आहे.

म्हणून परिषदेला माझी सूचना आहे, की या अधिवेशनात देणगीपत्राचा एक नमुना तयार करावा. त्यात चार गोष्टी असाव्यात: पैसा कोणत्या उत्पन्नातून आला हे दात्याने लिहून द्यावे, पुस्तकनिवडीत दात्याचा शब्द नसावा, देखभालीची वार्षिक तरतूद आधी ठरावी, आणि देणगीचा हिशेब वार्षिक सभेपुढे वाचला जावा. दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी दाराशी खुशाल लावा. पण आत आलेल्या वाचकाने हिशेबाची वही मागितली, तर ग्रंथपालाला ती कपाटातून काढून देता आली पाहिजे, आणि तिच्यावर शेवटची सही सभासदांनी निवडलेल्या माणसाची असली पाहिजे. धर्माच्या गायीचे दात मोजणे असभ्यपणाचे आहे असे म्हणीला वाटत असेल. पण गाय गावाच्या गोठ्यात बांधायची आहे आणि वैरण गावालाच घालायची आहे.