वैद्यकीय ग्रंथालयाचीं उघडीं दारें

इ. स. १९८२ मध्यें पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या विषाणुशास्त्राला वाहिलेल्या नियतकालिकांत एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला. जर्मन संशोधकांनीं पश्चिम आफ्रिकेंतील लायबेरिया देशांतल्या लोकांचें रक्त तपासलें होतें, आणि त्यांपैकीं कांहींच्या रक्तांत इबोला या भयंकर तापाच्या विषाणूशीं पूर्वीं गांठ पडल्याच्या खुणा त्यांस आढळल्या होत्या. लायबेरियाची गणना इबोलाच्या प्रदेशांत केली पाहिजे, असा त्यांचा अभिप्राय होता. पुढें बत्तीस वर्षांनीं, २०१४ च्या मार्च महिन्यांत, त्या देशांत इबोला खरोखरच प्रकट झाला. गिनी, सिएरा लिओन व लायबेरिया या तीन देशांत मिळून त्या साथीनें ११,००० हून अधिक माणसें नेलीं. रुग्णांची शुश्रूषा करतां करतां डॉक्टर आणि परिचारिका शेंकड्यांनीं बळी पडल्या. आणि एवढें होत असतां, हा रोग या भागांत अगदीं नवीन, असेंच जिकडेतिकडे बोललें जात होतें! एप्रिल २०१५ मध्यें लायबेरियाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. बर्निस डान यांनीं आपल्या दोन सहलेखकांसह ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या पत्रांत लेख लिहिला व या जुन्या निबंधांकडे जगाचें लक्ष वेधलें. त्यांतील एक निबंध इंटरनेटवरून विकत घ्यावयाचा, तर ४५ डॉलर पडत. लायबेरियांतील डॉक्टरचा तो जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार.

निबंध हातीं असता तर साथ टळलीच असती, असें म्हणणें धाडसाचें होईल. मूळ संशोधकांनीं एकाही लायबेरियन शास्त्रज्ञास सहलेखक म्हणून बरोबर घेतलें नव्हतें. रक्ताचे नमुने युरोपांत गेले आणि त्यांतून निघालेलें ज्ञानही तिकडेच राहिलें. परंतु ज्याच्या घराला आग लागावयाची, त्यालाच सूचना मिळूं नये, ही गोष्ट मनाला लागून राहते. आडांत पाणी होतें. पोहरा मात्र कुलपांत होता.

छापलेलें ज्ञान गरजवंतापर्यंत पोंचविणें हें ग्रंथालयाचें काम. वैद्यकाच्या क्षेत्रांत तें सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेंत झालें. तेथील लष्कराच्या मुख्य वैद्याच्या कचेरींत १८३६ पासून थोडीशीं पुस्तकें ठेविलेलीं असत. १८६५ मध्यें हें कपाट जॉन शॉ बिलिंग्ज या तरुण शस्त्रवैद्याच्या हवालीं झालें. विद्यार्थिदशेंत त्यांनीं अपस्मारावरील शस्त्रक्रियेविषयीं प्रबंध लिहावयास घेतला होता. त्यासाठीं जुनीं प्रकरणें गोळा करावयाचीं, तर या ग्रंथालयांतून त्या ग्रंथालयांत महिनेच्या महिने भटकावें लागलें, आणि तरीही कित्येक पुस्तकें मिळालीं नाहींत. ज्याला स्वतःला ठेंच लागली, तोच पुढें रस्ता नीट करतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे. बिलिंग्जनीं तीस वर्षांत तें कपाट लाखावर ग्रंथांचें भांडार केलें. इतक्यावर ते थांबले असते, तर पुष्कळ ग्रंथपालांसारखेच ते एक झाले असते. त्यांनीं १८७९ पासून ‘इंडेक्स मेडिकस’ नांवाची मासिक सूची सुरू केली. कोणत्या रोगावर, कोणीं, कोणत्या नियतकालिकांत, कोणत्या पानावर काय लिहिलें आहे, याची ती नोंदवही. जगांतल्या वैद्यकास अनुक्रमणिका मिळाली ती अशी.

तेंच भांडार १९५६ पासून अमेरिकेचें राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय झालें. १९६४ मध्यें सूचीचें काम संगणकाकडे गेलें व १९७१ पासून दूरध्वनीच्या तारांवरून ती लांबच्या ग्रंथालयांना पाहतां येऊं लागली. मात्र या सेवेला पैसे पडत, आणि ती वापरण्यास शिकलेला ग्रंथपाल लागे. २६ जून १९९७ रोजीं हें शुल्क संपूर्ण उठविण्यांत आलें. ‘पबमेड’ या नांवानें ती सूची आज कोणालाही, कोठूनही, फुकट पाहतां येते. तिच्यांत ३ कोटी ७० लाखांहून अधिक नोंदी आहेत. छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ अखेर बंद पडला, तरी त्याचें कोणास वाईट वाटल्याचें दिसत नाहीं.

पण सूची म्हणजे निबंध नव्हे. घराचा पत्ता मिळाला, म्हणून दार उघडतेंच असें नाहीं. बहुतेक नोंदींपाशीं चार ओळींचा सारांश वाचावयास मिळे, आणि पुढें पाऊल टाकूं जावें तों पैसे मागितले जात.

हे पैसे कशाचे, हें समजून घेण्यासारखें आहे. संशोधकाचा पगार व प्रयोगशाळेचा खर्च बहुधा सरकार किंवा धर्मादाय निधि देतो, म्हणजे अखेर जनताच देते. निबंध तयार झाला कीं तो नियतकालिकाकडे जातो. तेथें इतर विद्वान त्याची तपासणी करतात, आणि बहुधा तीही विनामोबदला. मग लेखक आपला स्वामित्वहक्क प्रकाशकाच्या नांवें करून देतो. शेवटीं त्याच विद्यापीठाचें ग्रंथालय जबर वर्गणी भरून तेंच नियतकालिक विकत घेतें! शेतकऱ्यानें धान्य पिकवावें, शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं तें पाखडून निवडून द्यावें, आणि मग त्याच शेतकऱ्यानें तें पेढीवरून चढ्या दरानें घरीं आणावें, असा हा व्यवहार आहे. छपाई, मांडणी, संपादन यांना खर्च येतो, हें खरें. परंतु निबंध कागदावरून संगणकाच्या पडद्यावर आले, तरी वर्गण्या उतरल्या नाहींत. त्या चढतच गेल्या.

या व्यवहाराविरुद्ध पहिलें मोठें पाऊल त्याच ग्रंथालयाच्या छपराखालीं पडलें. १९८९ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी हॅरल्ड व्हार्मस हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थांचे प्रमुख असतां त्यांनीं १९९९ मध्यें सूचना मांडली कीं, निबंध संपूर्ण, सर्वांसाठीं, एका ठिकाणीं खुले ठेवावे. प्रकाशकांनीं मोठा गिल्ला केला. तरी २००० च्या आरंभीं ‘पबमेड सेंट्रल’ हें कोठार उघडलें. २००२ मध्यें बुडापेस्ट येथून निघालेल्या जाहीरनाम्यानें या चळवळीला ‘ओपन ॲक्सेस’, म्हणजे मुक्त प्रवेश, हें नांव रूढ करून दिलें. २००८ पासून या आरोग्यसंस्थांच्या पैशावर झालेलें संशोधन बारा महिन्यांच्या आंत कोठारांत ठेवणें सक्तीचें झालें, आणि १ जुलै २०२५ पासून ती बारा महिन्यांची सवलतही गेली. आज त्या कोठारांत १ कोटीहून अधिक निबंध आहेत.

येथवरची कथा सरळ आहे. पुढें मात्र ती वांकडी होते. वाचकाकडून पैसा घ्यावयाचा नाहीं, तर तो कोणाकडून घ्यावयाचा? पुष्कळ प्रकाशकांनीं याचें उत्तर दिलें: लेखकाकडून. जकातीचें नाकें दाराच्या आंतल्या बाजूस होतें, तें बाहेरच्या बाजूस नेऊन ठेविलें, इतकेंच. ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकानें २०२१ पासून एका निबंधाच्या मुक्त प्रकाशनासाठीं ९,५०० युरो, म्हणजे ८ लाख रुपयांहून अधिक, असा दर लावला. ही रक्कम सोलापूरच्या किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या तरुण अध्यापकानें कोठून आणावी? वाचण्याचें स्वातंत्र्य मिळालें आणि लिहिण्याचें गेलें, तर त्याला पूर्ण लाभ म्हणतां येणार नाहीं.

दोन्ही बाजूंनीं दार उघडें ठेवतां येतें, याचा दाखला मात्र मुंबईतच आहे. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या व राजे एडवर्ड रुग्णालयाच्या अध्यापकमंडळानें १९५५ मध्यें ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हें त्रैमासिक काढलें. चालू शतकाच्या आरंभीं त्यांनीं तें इंटरनेटवर संपूर्ण खुलें केलें, जुने अंकही चढविले. वाचकाकडून पैसा घेतला नाहीं आणि लेखकाकडूनही नाहीं. फुकट मिळूं लागल्यावर छापील अंक कोण घेणार, ही भीति साहजिक होती. परंतु अनुभव निराळा आला. जे निबंध वर्षानुवर्षें कपाटांत पडून होते, त्यांचाही उल्लेख परदेशांतील संशोधक आपल्या लेखनांत करूं लागले. या कामीं पुढाकार घेणारी ‘मेडनो’ ही मुंबईची प्रकाशनसंस्था पुढें भारतांतील अनेक वैद्यकीय नियतकालिकें याच रीतीनें चालवूं लागली. २०११ मध्यें ती एका मोठ्या डच कंपनीनें विकत घेतली. घरचें रोपटें परक्याच्या बागेंत गेलें, असें कोणास वाटल्यास त्याला दोष देतां यावयाचा नाहीं.

याच भारताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१३ मध्यें ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या वार्ताहरानें, ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक खोटा निबंध लेखकशुल्क घेणाऱ्या ३०४ नियतकालिकांकडे पाठविला. १५७ जणांनीं तो पसंत केला! त्या ३०४ पैकीं सुमारें एकतृतीयांश नियतकालिकें भारतांतलीं होतीं. अध्यापकांची बढती छापलेल्या निबंधांच्या संख्येवर मोजली जाऊं लागली, तेव्हां पैसे घेऊन कांहींही छापणारीं दुकानें निघाल्यावांचून कशीं राहतील? दार उघडें ठेवलें, म्हणजे आंत कोण येतो हें पाहणारा कोणी दारांत बसलेला हवाच. ग्रंथपालाचें काम संपलें असें जे म्हणतात, त्यांना हें काम दिसलेलें नाहीं.

भारत सरकारनें या प्रश्नाला आपल्यापरी उत्तर दिलें आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेनें तीन वर्षांसाठीं ६,००० कोटी रुपये ठेवून तीस प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें सरकारी विद्यापीठें, महाविद्यालयें व संशोधनसंस्था मिळून ६,३०० ठिकाणीं उपलब्ध करून दिलीं. विद्यार्थ्यांची मोठी सोय झाली यांत शंका नाहीं. पण ही अखेर वर्गणीच; कुलूप तेंच, किल्ल्या मात्र अधिक वांटल्या. तालुक्याच्या गांवीं स्वतःचा दवाखाना चालविणारा डॉक्टर या ६,३०० संस्थांपैकीं कोठेंच बसत नाहीं. सर्पदंशाचा किंवा विंचूदंशाचा रोगी रात्रीं त्याच्याच दारीं येतो, आणि त्याला उपयोगी पडणारा निबंध मुक्त असला तरच त्याच्या हातीं लागतो.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना या ग्रंथालयाचा उपयोग अर्थातच निराळा. घरांत मधुमेहाचा किंवा हृदयविकाराचा रोगी असला, कीं मुलें इंटरनेटवर शोध घेऊं लागतात व दहा ठिकाणच्या दहा गोष्टी आजोबांपुढें ठेवतात. अशांसाठीं त्याच राष्ट्रीय ग्रंथालयानें १९९८ पासून ‘मेडलाइनप्लस’ नांवाचा सोप्या इंग्रजींतला विभाग चालविला आहे. तेथें जाहिराती नाहींत आणि औषधविक्रीही नाहीं. त्यापुढें जाऊन मूळ निबंध वाचावयाचा असेल, तर प्रयोग उंदरांवर झाला कीं माणसांवर, माणसें वीस होतीं कीं वीस हजार, खर्च कोणीं दिला, आणि निबंध मागाहून मागें घेतल्याची नोंद त्यावर आहे कीं काय, एवढें आधीं पाहावें. निबंधाचा क्रमांक कागदावर उतरून घ्यावा, आणि पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे जातांना तो कागद बरोबर न्यावा. गोळ्या मात्र तोंवर डॉक्टरांनीं सांगितलेल्याच चालूं ठेवाव्या.