खिडकी उघडते किती?

विरार पूर्वेच्या फुलपाड्यात, पापडखिंड धरणाच्या बाजूला घर शोधणारं कुटुंब पाण्याची वेळ विचारतं, स्टेशन किती लांब ते विचारतं. घरातली हवा कशी बदलते, हे क्वचितच कुणी विचारतं.

विचारायला हवं. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी केला. इमारती एकमेकींना खेटून उभ्या असल्या की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि अशा घरांचा क्षयरोगाशी संबंध दिसतो, असं त्यात आढळलं.

घरात वारा यायला किती जागा हवी, याचा हिशेब २०१८च्या 'इको निवास संहिता' या निवासी इमारतींसाठीच्या ऊर्जाबचत नियमावलीत आहे. आपल्या दमट, उष्ण किनारपट्टीवर बाहेर उघडणारी जागा घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवी. म्हणजे ३०० चौरस फुटांच्या घराला ५० चौरस फूट! इथे सरकत्या खिडकीची गोम कळते: दोन झडपांची खिडकी उघडते निम्मीच. त्यातही ग्रिलमध्ये खोकी रचलेली असली, तर वारा येणार कुठून?

एसी लावून हा प्रश्न सुटत नाही. नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो, ताजी हवा आणत नाही. शिवाय तो वीजही जास्त खातो: दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट वीज घेतो, नव्या बीएलडीसी पंख्याला तीसेक वॅट पुरतात.

फोडणीचा धूर काढायला एक्झॉस्ट फॅन उत्तम, पण तो चालू असताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. बाहेरची हवा आत आली, तरच आतली नीट बाहेर पडते.